शब्दचर्चा : ‘बिल्ड गाइड’ला मराठीत काय म्हणावे?

आम्ही पाच जण पुण्यात दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत साहसकथा पुढे न्यायची. पुस्तकं इंग्रजी, पण फासा पडला की ओरडणं मराठीतच. गेल्या महिन्यात दोन नवे भिडू आले. त्यांच्यासाठी मी पॅलाडिन (शपथेला बांधलेला योद्धा) या क्लासवर, म्हणजे पात्राच्या प्रकारावर, एक ‘बिल्ड गाइड’ (पात्र कसं घडवावं ते सांगणारा लेख) मराठीत लिहायला घेतलं आणि शीर्षकावरच अडले. म्हणून हा धागा.

आधी ‘गाइड’. शब्द आपल्याकडे रुळलेला आहे, पण आपल्या शाळेने त्याला एक अर्थ चिकटवला आहे. गाइड म्हणजे धड्याखालच्या प्रश्नांची तयार उत्तरं. पाठ करायची, उतरवायची, परीक्षा संपली की रद्दीत द्यायची. खेळाडूंनी खेळाडूंसाठी लिहिलेल्या गाइडांपैकी पुष्कळशी नेमकी अशीच असतात: लेव्हल १ला (पात्र अनुभवाने चढतं तो टप्पा) हे घे, ४ला ते घे, हा स्पेल (मंत्र) घेऊ नकोस. का, ते लिहिलेलं नसतं. आमच्यातल्या एकाने असंच गाइड पाहून पात्र तयार केलं होतं. पहिल्याच लढाईत त्याला विचारलं की ही ढाल का घेतलीस, तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पात्र त्याचं आणि कारणं दुसऱ्याची. याच शब्दाचा दुसरा अर्थ मात्र मला जवळचा वाटतो, गडावर वाट दाखवणारा माणूस. त्याला आपल्याकडे आधीपासून ‘वाटाड्या’ आहे. वाटाड्या तुमच्या वतीने चढत नाही. पुढचं पाणी कुठे, कुठला कडा पावसात निसरडा होतो आणि तुमच्यासोबत लहान मूल असेल तर कुठल्या वाटेने जावं, हे तो सांगतो.

आता ‘बिल्ड’. ‘बांधणी’ पहिल्यांदा सुचते, पण बांधणी पुस्तकाची, जहाजाची. एकदा बांधलं की सुटत नाही. ‘घडण’ जास्त चांगला, कारण त्याच्या मागोमाग ‘घडणावळ’ येतो. सोनाराकडे सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी. पात्र घडवतानाही प्रत्येक गोष्टीची घडणावळ पडते, आणि चांगलं गाइड मी त्यावरूनच ओळखते: ते वस्तूबरोबर घडणावळ सांगतं का?

तरीही माझं मत ‘बेत’ या शब्दाला आहे. शिंपी कापड बेततो, घरात जेवणाचा बेत ठरतो, गोष्ट एखाद्या घटनेवर बेतलेली असते. तिन्हीत हाताशी आहे तेवढ्यातच भागवायचं असतं. या खेळात सहा क्षमता विकत घ्यायला २७ गुण मिळतात. हेच आपलं कापड. प्रत्येक क्षमता ८पासून सुरू होते आणि १५च्या वर विकत घेता येत नाही. १३पर्यंत प्रत्येक पायरीला एक गुण, १४ आणि १५ला मात्र प्रत्येकी दोन. म्हणजे १५ हवे तर ९ गुण गेले. तीन क्षमता १५ केल्या की २७ संपले आणि उरलेल्या तिन्ही ८वर. शिवाय फाशात मिळवायचा बोनस सम आकड्यालाच वाढतो: १२ला +१, १३लाही +१. तेव्हा १३वर थांबणारा खेळाडू एक गुण वाया घालवतो, पुढे तो १४ करणार नसेल किंवा दुसरा क्लास घेण्यासाठी त्याला १३ची अट पूर्ण करायची नसेल तर. ‘स्ट्रेंग्थ (ताकद) १५, करिझ्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप) १५’ एवढंच लिहिणारं गाइड शिवलेला सदरा हातात देतं. हा हिशेब उलगडून दाखवणारं गाइड मापं घ्यायला शिकवतं.

तुम्हाला काय वाटतं? आणि ‘ट्रॅप ऑप्शन’ (दिसायला चांगला, पण घेतला की फसवणारा पर्याय), ‘रेटिंग’, ‘ऑप्टिमाइझ’ यांना कोणी काय वापरतं?

प्रतिसाद १

ताई, ‘बेत’ आवडला. ‘पॅलाडिनचा बेत’ बोलायलाही सोपं आहे. ‘ऑप्टिमाइझ’ला परिभाषेत ‘इष्टतमीकरण’ आहे, पण टेबलावर तो शब्द उच्चारेपर्यंत ड्रॅगन उडून जाईल. मी ‘कस काढणे’ म्हणतो. आहे त्या जमिनीतून, आहे त्या पैशातून कस काढणं मराठी माणसाला शिकवावं लागत नाही.

कस काढायचा तर आकडेमोड हवी, आणि इथेच बरीच गाइडं कच्ची असतात. २०१४च्या नियमांतलं ग्रेट वेपन मास्टर हे फीट (पात्राला घेता येणारं खास कौशल्य) घ्या. फासा टाकण्याआधी ५ वजा करायचे, फटका बसला तर १० जास्त इजा. असंख्य गाइडांत हे डोळे मिटून घ्यायला सांगितलेलं असे. करून बघू. लेव्हल ५चा फायटर (लढवय्या), स्ट्रेंग्थ १८, हातात दोन हातांची मोठी तलवार. नेमाला +७, इजा सरासरी ११. समोरच्याचं चिलखत १५ असेल तर २० बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त हवे (८ अधिक ७ म्हणजे १५), म्हणजे ६५ टक्के. ११ गुणिले ०.६५ म्हणजे ७.१५. ५ वजा करायचा सौदा केला तर १३ किंवा जास्त हवे, ४० टक्के, पण इजा २१, म्हणजे ८.४. फायदा झाला. आता चिलखत १८ धरा. साधा वार ५० टक्के, ५.५. सौद्याचा वार २५ टक्के, ५.२५. तोटा! क्रिटिकल (फाशावर २० पडल्यावर होणारी जास्त इजा) मी धरलेला नाही. समोर कोण आहे ते पाहून सौदा करावा, ही एक ओळ ज्या गाइडात आहे ते मी जपून ठेवतो.

प्रतिसाद २

वरच्या हिशेबात एक भर. २०२४च्या नव्या पुस्तकात हा सौदाच काढून टाकला आहे. आता त्या फीटने जड हत्याराच्या इजेत प्रोफिशिअन्सी बोनस (लेव्हलबरोबर वाढत जाणारा आकडा) मिळतो. नाव तेच आणि काम वेगळं. तेव्हा कुठल्या आवृत्तीवर लिहिलंय हे पहिल्या ओळीत नसेल तर बाकी कितीही चांगलं असो, नव्या माणसाच्या हाती देऊ नये. १९७४पासूनचा खेळ आहे, नियम बदलतच राहणार.

‘ट्रॅप ऑप्शन’ला सगळे ‘सापळा’ म्हणतात, पण माझ्या मनात ‘चकवा’ आहे. आमच्या गावाकडे रात्री रानातून येताना माणूस त्याच त्या झाडापाशी फिरून येई, तेव्हा म्हणत की चकवा लागला. सापळा कुणीतरी लावतो. चकव्यात आपणच चालत राहतो, वाट बरोबर वाटते आणि पोचत मात्र नाही. २०१४चा ट्रू स्ट्राइक आठवा. एक पाळी मंत्रात घालवा, पुढच्या पाळीला दोन फासे टाकून चांगला घ्या. ऐकायला छान. पण नेम ६५ टक्के असेल तर दोन पाळ्या सरळ वार केले की सरासरी १.३ फटके बसतात. मंत्राने दोन पाळ्यांत मिळून ०.८८. यात कुणाचा डाव नाही, फक्त चकवा आहे.

प्रतिसाद ३

चकवा सुंदर, पण ‘सापळा’ पूर्ण टाकू नका. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या तीन रचनाकारांपैकी एक माँटी कुक. त्यांनी नंतर स्वतः लिहिलं की नियमांत मुरलेल्या खेळाडूला त्याचं फळ मिळावं असा विचार रचनेमागे होता. उदाहरण दिलं टफनेस या फीटचं, ज्याने फक्त ३ हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजायचे गुण) मिळत. पहिल्या लेव्हलच्या एल्फ विझार्डला (जादूगाराला) किंवा एका बैठकीत संपणाऱ्या खेळात ते उपयोगी, लांबच्या खेळात नाही. हे कळायची जबाबदारी मात्र खेळाडूवर टाकली होती. मला वाटतं, खेळाडूंनी लिहिलेल्या गाइडांची गरज तिथेच निर्माण झाली. पुस्तकाने जे सांगितलं नाही ते दुसऱ्या खेळाडूने सांगायचं.

प्रतिसाद ४

मी नाशिकचा, घरी द्राक्षं. ‘रेटिंग’ला ‘प्रतवारी’ म्हणा, दुसरा शब्द शोधूच नका. गाइडांत रंगांची जी पद्धत आहे, तांबडा म्हणजे टाळा, जांभळा म्हणजे क्वचित कामाचा, काळा ठीक, निळा चांगला, आकाशी उत्तम, ती प्रतवारीच आहे. पण प्रतवारी नेहमी कुठल्यातरी बाजारासाठी असते. निर्यातीच्या पेटीत न बसणारा घड वाईट नसतो, तो गावच्या बाजारात जातो. तसं प्राण्यांशी बोलायचा मंत्र पुष्कळ जण खालच्या प्रतीत टाकतात. मी जंगलातल्या मोहिमेत दोन महिने त्याच्यावर काढले आहेत. वटवाघळाला विचारून गुहेची दुसरी वाट सापडली होती! बाजार कुठला ते लिहा, मग प्रत लिहा. आणि नुसता रंग देऊ नका, शब्दही द्या. माझ्या भावाला तांबडा आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, निळा-जांभळाही त्याला गोंधळात टाकतो.

प्रतिसाद ५

सगळी चर्चा हिशेबाची चालली आहे. पात्राचं काय? आमच्या कोकणात दशावतारात सोंग वठलं की नाही एवढंच बघतात. इतका कस काढलेलं पात्र वठतं का?

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, प्रश्न रास्त आहे, पण यात दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध धरल्या आहेत. हिशेब चांगला करणारा अभिनय वाईट करणारच, या समजाला खेळाडूंच्या जगात ‘स्टॉर्मविंड फॅलसी’ म्हणतात. एका खेळाडूच्या टोपणनावावरून ते नाव पडलं. दशावतारातल्या राजाचा मुकुट बोलताना घसरू नये म्हणून नीट बांधतात, त्याने सोंग बिघडत नाही. ‘वठणे’ हा शब्द तुम्ही दिलात ते फार बरं झालं. झाड वठतं म्हणजे वाळतं आणि भूमिका वठते म्हणजे जिवंत होते. कारण न सांगणाऱ्या गाइडाने पात्र पहिल्या अर्थाने वठतं, असं मी आता आमच्या नव्या भिडूंना सांगणार आहे.

घडणावळीचं एक उदाहरण माझ्याच लिखाणातून. पॅलाडिनला एक लेव्हल वॉरलॉक या दुसऱ्या क्लासची द्यावी म्हणजे तलवारीलाही करिझ्मा वापरता येते, असा सल्ला सगळीकडे असतो. मीही तो दिला होता. हा प्रकार म्हणजे ‘उसनवारी’, आणि तिचं व्याज मी लिहिलंच नव्हतं. एका पाळीत दोन वार लेव्हल ५ऐवजी ६ला मिळतात. जवळच्या सगळ्या सोबत्यांना सांभाळणारं वलय ६ऐवजी ७ला. आमचा खेळ ८ला संपणार आहे. म्हणजे ते वलय जेमतेम दोन लेव्हल हाती राहणार, आणि आमच्या गटात दुसरं कोणी सांभाळणारं नाही. २०पर्यंत जाणाऱ्या टेबलाला हे व्याज परवडेल. आमच्या टेबलाला नाही. हे मला प्रतवारीचा प्रतिसाद वाचताना लक्षात आलं, तोवर मी त्या सल्ल्याला आकाशी रंग देऊन बसले होते.

प्रतिसाद ६

मग त्या सल्ल्याला चकवा म्हणणार की नाही?

धागाकर्तीचा प्रतिसाद

नाही, मधली प्रत. शेजारी कारण लिहिते, म्हणजे लांबच्या मोहिमेला निघालेला गट तो वरच्या प्रतीत घेऊ शकेल. शीर्षक बदललं आहे: ‘पॅलाडिनचा बेत : २०२४च्या पुस्तकाप्रमाणे, लेव्हल १ ते ८’. रकाने तीन, काय, प्रत आणि घडणावळ. तिसरा रकाना अजून निम्मा रिकामा आहे, रविवारच्या आत भरते.