डंबेल, मुद्गल आणि केटलबेल एकाच दांड्यात बसवतोय, सल्ला हवा

लेथवाला_कुपवाड

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक वेल्डिंग सेट. दिवसभर पंपाचे शाफ्ट आणि बुश करतो. आज विचारायचंय ते घरचं काम आहे.

आमचं मूळ घर सांगलीच्या गावभागात. आण्णा आता ६८ वर्षांचे आहेत, तरुणपणी तालमीत जायचे. त्यांची बाभळीची मुद्गलाची जोडी होती, म्हणजे खांद्यावरून पाठीमागं फिरवायचे गदेसारखे लाकडी दांडे, रोज सकाळी अंगणात फिरवायचे. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो आणि जोडी खालच्या खोलीत राहिली. परत आलो तेव्हा चिखलात आडवी पडलेली. सावलीत वाळवली, तरी महिन्याभरात एकाला मानेपासून पोटापर्यंत चीर गेली. आण्णांनी ती जोडी टाकली नाही, पण परत हातातही धरली नाही. आता आम्ही विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर राहतो. हात डोक्यावर नेताना त्यांचा खांदा धरतो, हे मी रोज शर्ट घालताना बघतो.

बायकोला डॉक्टरांनी थोडं वजन उचलायचा व्यायाम सांगितलाय, तिला हलके डंबेल हवेत. मला स्वतःला केटलबेल, म्हणजे वर कडीसारखी मूठ असलेला लोखंडी गोळा. तीन माणसं, तीन साधनं आणि ठेवायला पलंगाखालची जागा. म्हणून डोक्यात आलं की एकच दांडा असा करावा, की सगळ्यांचं भागेल.

पहिला नमुना असा केला: एक इंची जीआय पाईप, ३० सेंटीमीटरचा तुकडा डंबेलसाठी. त्याला आट्यांनी जोडायचा २५ सेंटीमीटरचा दुसरा तुकडा, म्हणजे मुद्गलाची लांबी होते. टोकांना एम २० चे स्टड, म्हणजे आटे पाडलेले २० एमएमचे तुकडे, वेल्ड केले. १० एमएम प्लेटमधून १३ सेंटीमीटरच्या गोल चकत्या कापल्या, मध्ये २१ एमएमचा बोअर, म्हणजे भोक. एकेक चकती किलोला पंधरा ग्रॅम जास्त भरते. बाहेरून स्टार नट. केटलबेलसाठी यू आकाराची कडी केली, ती त्याच चकत्यांवर बसते.

डंबेल म्हणून झकास चालला. मुद्गल म्हणून तिसऱ्या दिवशी दगा दिला. मी हॉलमध्ये फिरवत होतो, नट कधी सैल होत गेला कळलंच नाही. बाहेरची चकती सुटून भिंतीखालच्या फरशीवर आदळली, फरशीचा कोपरा उडाला. चार वर्षांची मुलगी आतल्या खोलीत झोपली होती म्हणून निभावलं. त्या दिवसापासून बायकोनं तो दांडा घरात येऊ दिला नाही आणि तिचं बरोबर आहे.

तर प्रश्न हा. नट सुटू नये म्हणून काय करावं? एका टोकाला डावे, म्हणजे उलट्या दिशेनं आवळणारे आटे पाडावेत असं वाटतं, पण मुद्गल दोन्ही बाजूंनी फिरतं, मग डाव्या आट्यांचा उपयोग काय? मुठीची जाडी किती ठेवावी? कडीची कल्पना चालेल का? आण्णांच्या हातात देण्याआधी मला खात्री हवी आहे.

पैलवान_कवठेपिरान

भावा, आमचं गाव हिंदकेसरी मारुती माने यांचं. १९६२ साली जकार्ताच्या एशियाडमधून त्यांनी सुवर्ण आणि रौप्य आणलं, त्या गोष्टी ऐकत आमची पिढी तालमीत उतरली. मुद्गलाचा विषय निघाला की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तू नटाचं विचारलंस, पण माझ्या डोळ्यांत दुसरंच खुपलं. तुझा पाईप टोकापर्यंत सरळ आहे. आण्णांच्या जुन्या मुद्गलाची मूठ बघ. टोकाला फुगीर गोळा असेल. तो शोभेचा नाही. मुद्गल पाठीमागून फिरून वर येतं तेव्हा सगळी ओढ बोटांच्या बाहेरच्या दिशेनं असते, हाताला घाम असतो, तेव्हा करंगळी त्या गोळ्याला अडकते. म्हणून ते हातातून निसटत नाही. आखाड्यात आम्ही तळहाताला लाल माती लावायचो, तुझ्या फ्लॅटमध्ये माती कुठली? तुझी चकती सुटली, उद्या अख्खा दांडा सुटेल. आधी गोळा बसव.

दुसरं. लाकडी मुद्गल मानेपासून हळूहळू जाड होत जातं, वजन पोटभर पसरलेलं असतं. तुझं सगळं वजन टोकाला, तेही चपट्या चकतीत. ती पाठीमागं जाते तेव्हा कड मणक्याला किंवा कानामागं लागणार. कडा गोल करून घे, वरून सायकलची ट्यूब चढव.

आणि शिकवताना एवढं सांग की मुद्गल हातानं उचलायचं नसतं. ते पाठीमागं सोडायचं, कोपर वर ठेवायचं, ते आपल्या वजनानं झोका घेतं, आपण फक्त त्याला वाट द्यायची. आण्णांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. गच्चीवर फिरवा. हॉलमध्ये वर पंखा आहे.

लेथवाला_कुपवाड

वस्ताद, वाचून लगेच उठलो आणि चिरलेलं मुद्गल बाहेर काढलं. मुठीला कॅलिपर लावला. मूठ साडेएकोणतीस एमएम, टोकाचा गोळा ४६. इतकी वर्षं डोळ्यासमोर होतं, पण गोळा कशासाठी ते कधी विचारलं नव्हतं.

फिजिओ_मिरज

दादा, मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या चिरलेल्या मुद्गलानं मुठीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिलंच आहे. एक इंची जीआय पाईपमध्ये एक इंच हे आतलं माप. बाहेरून तो जवळजवळ ३४ मिलीमीटर असतो. तुमच्या हातात बसेल, तुमच्या मिसेसच्या हातात नाही. साधी चाचणी करा: मूठ वळल्यावर मधल्या बोटाचं टोक अंगठ्याला टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर सगळा जोर पकडण्यातच जातो, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागतं आणि माणूस आठवड्यात सोडून देतो. २८ ते ३० मध्ये राहा.

आता खांद्याबद्दल. तुम्ही वजन किलोत मोजताय, पण खांदा आणि मनगट ते तसं मोजत नाहीत. दोन चकत्यांचा डंबेल धरला तर वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना, मनगटाला पीळ जवळपास नाही. त्याच दोन चकत्या मुठीपासून ४४ सेंटीमीटरवर गेल्या की दांडा आडवा धरताना ८८ किलो-सेंटीमीटरचा पीळ. त्याच २४ वर आणल्या तर ४८. लोखंड तेवढंच, ओझं जवळजवळ निम्मं. शिवाय हे स्थिर धरल्याचं गणित, झोक्यात खाली येताना ओढ याहून बरीच जास्त.

म्हणून माझी सूचना अशी, की चकती टोकाला कायमची अडकवू नका, दांड्यावर मागेपुढे सरकू द्या. ६८ व्या वर्षी आखडलेल्या खांद्याला एक किलो वाढवणं ही फार मोठी उडी आहे. पाच सेंटीमीटर पुढे सरकवणं ही झेपणारी पायरी आहे. डंबेललाही हेच लागू: दोन किलोवरून तीनवर जाणं म्हणजे एकदम दीडपट. मिसेससाठी अर्ध्या किलोच्या चकत्या नक्की करा.

आण्णांचा खांदा नुसता आखडलाय की स्नायूबंधाला इजा आहे, हे आधी कुणाकडून तरी हातानं तपासून घ्या. हात दुसऱ्यानं उचलला तर वर जातो पण स्वतःचा स्वतः जात नाही, असं असेल तर मुद्गल थांबवा. रक्तदाब असेल तर श्वास रोखून काहीही उचलायचं नाही, मोठ्यानं आकडे मोजत करायला सांगा. मोजताना श्वास रोखता येत नाही.

कडी मला पटली नाही. केटलबेल एका हातानं वर घेतली की गोळा मनगटामागे पालथ्या हातावर येऊन टेकतो. तिथे तुमच्या चकत्यांच्या कडा येतील. दोन हातांनी धरून बैठका मारायच्या असतील तर चालेल, त्यापुढे नको.

साचेवाला_पलूस

मी पलूसला फाउंड्रीत पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांचं काम करतो. ताईंनी खांद्याचं सांगितलं, मी जोडांचं सांगतो.

तुमच्या दांड्यात मला चार कच्च्या जागा दिसतात: दोन वेल्ड, मधले आटे, आणि नट. एकाच साधनाला तीन कामं सांगितली की प्रत्येक नव्या कामाबरोबर एक जोड वाढतो, आणि झोक्याचं साधन जोडातच तुटतं. पाईपच्या तोंडावर नुसता स्टड ठेवून वेल्ड मारला असेल तर तो आजच कापून टाका. झोका म्हणजे रोज शेकडो वेळा इकडून तिकडे वाकणं, वेल्डच्या कडेला बारीक तडा जातो आणि पावडर कोटिंगखाली तो दिसत नाही.

माझं मत असं: चकत्या समाईक ठेवा, दांडे वेगळे करा. डंबेलचा आखूड, मुद्गलाचा अखंड लांब, मध्ये जोड नाही. दोन दांडे पलंगाखाली काही जागा खात नाहीत. भरीव बार घेऊ नका. २८ चा ५५ सेंटीमीटर भरीव बार चकत्यांशिवायच अडीच किलोच्या वर जातो. तोच २८ चा तीन एमएम जाडीचा पाईप किलोभर. सरकत्या चकतीसाठी पाईपला आरपार भोकं पाडावी लागतील, ती खुशाल पाडा, या वजनाला पाईप वाकत नाही. फक्त भोकांची बर, म्हणजे कडेला राहिलेली धार, आतून-बाहेरून नीट काढा, आणि मुठीच्या जागेत भोक नको.

नटाचा विषय सोडूनच द्या. आट्यांवर भिस्त ठेवली की ते कधीतरी सैल होणारच, डावे असोत की उजवे. ट्रॅक्टरच्या मागच्या लिंकेजला जी पिन असते, स्प्रिंगची गोल कडी पलटी होऊन बसते ती, ती वापरा. उसाच्या हंगामात ट्रॉलीबरोबर दिवसभर हादरे खाऊन ती पडत नाही. कुठल्याही ट्रॅक्टर स्पेअरच्या दुकानात मिळते.

केटलबेल मात्र चकत्यांची करू नका. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा एकसंध गोळा ओतून घ्या. बीड घनसेंटीमीटरला साधारण ७.२ ग्रॅम, म्हणजे आठ किलोचा गोळा १३ सेंटीमीटर व्यासाच्या आत बसतो. मूठ त्यातच ओतलेली, सुटायला काही नाही.

लेथवाला_कुपवाड

तीन आठवड्यांनी लिहितोय. पहिला दांडा कापून भंगारात दिला. कापताना बघितलं, एका वेल्डच्या कडेला नखात अडकेल एवढी रेघ पडलेली होती. दहा-बारा दिवसांच्या वापरात. पलूसवाले दादा, तुमच्यामुळे ती दिसली.

नवीन असं केलं. मुद्गलाचा दांडा २८ चा अखंड पाईप. मुठीचा भाग सोडून पुढे दर पाच सेंटीमीटरला आरपार आठ एमएमचं भोक, पहिलं मुठीपासून चोवीसवर, शेवटचं चव्वेचाळीसवर. चकत्यांच्या दोन्ही अंगांना पिन. चकत्यांचा बोअर २९ केला, त्या ९९० ग्रॅमवर आल्या. कडा लेथवर गोल केल्या, वर ट्यूब ओढली, मध्ये रबरी वॉशर टाकले म्हणून वाजत नाहीत. मुठीच्या टोकाला ४६ चाच गोळा, आण्णांच्या मुद्गलाच्या मापाचा. तो पाईपच्या आत ४० एमएम घुसवून आरपार पिन मारली आणि मग वेल्ड. पकड बसावी म्हणून मुठीवर बारीक नर्लिंग, म्हणजे खरखरीत नक्षी केली होती, ती बायकोच्या तळव्याला टोचली, म्हणून पॉलिश पेपरनं मोडून वर कॉटनची टेप गुंडाळली. डंबेलचे दोन आखूड दांडे वेगळे, अर्ध्या किलोच्या आठ चकत्या वेगळ्या. बायको सध्या एका हातात दीड किलोवर आहे.

आण्णांना द्यायच्या आधी गच्चीवर दोन चकत्या चव्वेचाळीसवर लावून मी स्वतः रोज शंभर हात फिरवले, सहा दिवस. रोज संध्याकाळी पिना काढून, घासून, भोकं भिंगानं बघितली. काही हललं नव्हतं.

आण्णांचा खांदा तपासून घेतला. आखडलाय, इजा नाही. एका चकतीनं, चोवीसच्या भोकावर सुरुवात केली. दांडा हातात घेतल्यावर आधी त्यांनी टोकाचा गोळा चाचपला, मग मूठ. काही बोलले नाहीत. डावा पाय मागे घेतला, कोपर वर नेलं आणि दांडा पाठीमागं सोडला. खांदा मध्येच धरला, थांबले, परत सोडला. पहिल्या दिवशी अकरा हात. मोठ्यानं मोजत. काल वर गेलो तर पिन एकोणतीसच्या भोकात होती, त्यांनी स्वतःच सरकवली होती. मी परत चोवीसला आणायला गेलो तर म्हणाले, राहू दे, दुखतंय का ते मला कळतं. फिजिओ ताई, सांगा, ठेवू का तशीच?

फिजिओ_मिरज

रात्री त्या कुशीवर झोपता येत असेल आणि सकाळी दुखणं वाढलेलं नसेल तर राहू द्या. पुढचं भोक मात्र दोन आठवड्यांनी, आणि रोजचे हात वाढवायचे नाहीत. आण्णांना माझा नमस्कार सांगा.

लेथवाला_कुपवाड

सांगतो, ताई. पलूसवाले दादा, केटलबेल तुमच्याकडेच ओतायची. एकच नग आहे, घ्याल ना? गोळ्याचा पॅटर्न मी इथे सागवानात टर्निंग करून आणतो, १३० एमएमचा.

साचेवाला_पलूस

शनिवारी या. पण १३० चा आणू नका, बीड गार होताना टक्काभर आक्रसतं. १३१.३ चा करा. आणि मुठीचं माप घरच्या सगळ्यांच्या हातांचं घेऊन या, ती मी इथे करतो.