जमशेटजी टाटांचं घर नेमकं कुठलं?

डोंबिवलीची_सुनीता:
लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टला जमशेटजी टाटा आलेत. शनिवारी तिला फोर्टला नेतेय, तर ते राहायचे ते घर बाहेरून तरी दाखवावं म्हणते. पण कुणी काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन सांगतंय, कुणी आझाद मैदानाजवळचं एस्प्लनेड हाउस. मॅन्शनची तर पार रया गेलीय. टाटांचं घर असं कोण सोडेल? नक्की कुठे जाऊ?

फोर्टकर:
ताई, मॅन्शन म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. ते टाटांचं नव्हे. लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणून उभारलेलं. 1896 साली ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईनं तिथंच पाहिली. तेही दाखवाच, पण वेगळं म्हणून.

तुम्हाला हवंय ते एस्प्लनेड हाउस, हजारीमल सोमाणी मार्गावर, अलेक्झांड्रा शाळेच्या बाजूला. सीएसएमटीहून चालत जाल. कोटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मैदान मोकळं ठेवायचे, बांधकामाला मनाई. 1860च्या दशकात तट पाडले आणि ती जागा शहराला मिळाली. घर त्यानंतर वीसेक वर्षांनी झालं. तोवर नागपूरची एम्प्रेस मिल (1877) चालू होती, 1886 साली कुर्ल्याची स्वदेशी मिल आली. म्हणजे हे सगळं कापसाच्या पैशावर! पोरं 'टाटा म्हणजे पोलाद' लिहून मोकळी होतात. पोलादाची कंपनी 1907ची, जमशेटजी गेले 1904ला.

माईगिरगाव:
आत आर. डी. सेठना ट्रस्टचं ऑफिस आहे हो, बघायला सोडत नाहीत. आमच्या शेजारचा मुलगा स्कॉलरशिपच्या कामाला गेला होता, तो कागद सोडून वर बघत बसला. टाटांची स्कॉलरशिपही तिथेच मिळते असं बरेच जण धरून चालतात. ती एन्डोमेंट, म्हणजे शिक्षणासाठी ठेवलेला निधी, वेगळी, 1892ची. तिचं ऑफिस महात्मा गांधी रोडला, मुल्ला हाउसमध्ये.

डोंबिवलीची_सुनीता:
आणि वॉटसनमध्ये टाटांना प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज हॉटेल बांधलं, ते लिहायचं ना? बाईंनी वर्गात तसंच सांगितलंय.

फोर्टकर:
माझं ऐकाल तर नको. गोष्ट झकास आहे, पण पक्का पुरावा कुणी दाखवलेला नाही. फारच हट्ट धरला तर 'असं सांगतात' एवढं लिहा. ताज 1903 साली उघडलं, तेवढं पुरे. आणि मैदानाच्या बाजूच्या फुटपाथवरून बघा, गेटसमोर गाड्याच लावलेल्या असतात.