मदत हवी आहे: टिळक ते दीनदयाळ, वाचनाचा क्रम कसा लावावा?

अभ्यासगटासाठी आठ बैठकांचा आराखडा करायचा आहे. नुसता सनावळीचा क्रम लावला की घोळ होतो. अरविंदांचे उत्तरपाडा भाषण (१९०९), टिळकांचे 'गीतारहस्य' (१९१५), सावरकरांचे 'हिंदुत्व' (१९२३) आणि दीनदयाळ उपाध्यायांची 'एकात्म मानववाद' मांडणारी मुंबईतली चार व्याख्याने (२२ ते २५ एप्रिल १९६५) एका ओळीत मांडली, की वाचक सगळ्यांना एकाच विचाराच्या पायऱ्या समजतात. तशा त्या नाहीत.

अरविंद सनातन धर्मालाच राष्ट्रीयत्व म्हणतात. सावरकर नेमके उलट, हिंदू धर्म हा हिंदुत्वाचा केवळ एक भाग मानतात. हिंदू कोण, याची त्यांची कसोटी पितृभू (पूर्वजांची भूमी) आणि पुण्यभू (पवित्र भूमी) ही. टिळकांचा वाद तर मुख्यतः संन्यासमार्गी, म्हणजे गीतेत कर्मत्याग पाहणाऱ्या, भाष्यकारांशी आहे, राष्ट्राची व्याख्या करणे हा त्या ग्रंथाचा विषयच नव्हे. (हे शेवटचे सांगून सांगून थकायला होते!)

प्रश्न असे. 'गीतारहस्य' पूर्ण वाचणे दोन बैठकांत अशक्य. कर्मयोगाचा मुद्दा सुटणार नाही अशी कोणती प्रकरणे निवडाल? 'हिंदुत्व' मुळात इंग्रजीत लिहिलेले, मग त्यातल्या हिंदूची व्याख्या सांगणाऱ्या 'आसिन्धुसिन्धुपर्यन्ता' श्लोकातल्या दुसऱ्या 'सिंधु'चा अर्थ समुद्र, हे नीट उलगडणारी मराठी आवृत्ती कोणती? आणि दीनदयाळांची 'चिती' (राष्ट्राचा आत्मा) ही कल्पना शिकवताना तिला अद्वैतातल्या चैतन्याशी जोडावे, की समाजाची मूळ प्रकृती एवढ्यावरच थांबावे? पहिल्या वाटेने गेलो तर चर्चा वेदान्तातच अडकते. ज्यांनी हे शिकवले आहे त्यांनी कृपया प्रकरणांच्या नावांसह सांगावे.