'दुखवटा' खायचा की नेसायचा?

शेवग्याची_शेंग
आई मार्चमध्ये गेली. तिची पाककृतींची वही इंग्रजीत उतरवायचं काम माझ्याकडे आलंय, कारण बहिणीची नातवंडं न्यू जर्सीत वाढताहेत आणि त्यांना देवनागरी वाचता येत नाही. 'परतणे', 'भाजणे' आणि 'तळणे' यांची वाटणी करताना घाम फुटला, पण निभावलं. अडलंय ते एका मथळ्यापाशी: 'दुखवट्याचं पिठलं'. खाली आईच्या अक्षरात एवढंच:

'एक मापटं डाळीचं पीठ. पाणी चौपट. मिरची नको, आलं ठेचून. लसूण विचारून. पातळच ठेवावं, घशाखाली उतरलं पाहिजे. भात आसट. पातेलंच न्यावं, फडकं बांधून. थांबून वाढावं. पातेलं रिकामं परत आणावं.'

भाचीला फोनवर सांगितलं, 'मॉर्निंग' लिही. तिच्या धाकट्याने विचारलं, 'म्हणजे ब्रेकफास्टला?' वर आमच्या वहिनी (माहेर बार्शीकडचं) म्हणतात की दुखवटा म्हणजे कपडे, ती खायची वस्तूच नव्हे. आम्ही वाईचे. आई सरळ म्हणायची, 'अमक्यांकडे दुखवटा न्यायचाय', आणि पिठलं-भात घेऊन निघायची. असं आणखी कुणी ऐकलंय का? आणि इंग्रजीत काय लिहू?

गठुडं
वहिनींचं बरोबर आहे. आमच्याकडे दुखवटा म्हणजे पाहुण्यांनी बाराव्या-तेराव्याला आणलेला आहेर. बाप्यांना टॉवेल-टोपी, बायांना साडी. भावकीतलं कुणी गेलं की वर्षभर पुरतील एवढे टॉवेल जमतात, आणि एकाचाही कपडा पाणी टिपत नाही. पहिल्या दिवशी शेजारचे भाकरी-पिठलं आणतात ते आणतातच, त्याला वेगळं नाव कशाला?

शुद्धमती
आधी शुद्धलेखन. मूळ शब्द 'दुःख' आहे, तेव्हा 'दुःखवटा' असं विसर्गासह लिहावं. आणि खरं तर 'शोक' असा सुंदर शब्द असताना हा गावठी शब्द हवाच कशाला?

पाणिनीचा_शेजारी
शुद्धमतीताई, मग 'दुःखणे', 'दुःखापत' आणि 'गुडघेदुःखी'सुद्धा लिहा. तत्सम 'दुःख'ला विसर्ग, तद्भव 'दुख-'ला नाही. आणि 'शोकाचं पिठलं' म्हणून बघा एकदा मोठ्याने.

उंबरठा
मला वाटतं फोड अगदी सोपी आहे: दुःखाचा वाटा, तो दुखवटा. शेजारी येऊन आपल्या दुःखातला वाटा उचलतात. किती अर्थपूर्ण! मग तो पिठल्याने उचला की टोपीने.

पाणिनीचा_शेजारी
अर्थपूर्ण आहे म्हणूनच संशय येतो. 'वाटा'तला 'वा' कुठे पळाला? 'मुखवटा' शब्द घ्या. तो 'मुखपट्ट'वरून लावतात. दोन स्वरांमधल्या 'प'चा 'व' होतो (दीप-दिवा, ताप-ताव). त्याच चालीने 'दुःखपट्ट', म्हणजे दुःखप्रसंगी द्यायचं वस्त्र. हा आपला माझा तर्क, पण गठुडं यांच्या टॉवेलला तो धरून आहे.

उंबरठा
'कपाट'चं 'कवाड' झालं, तिथे 'ट'चा 'ड' झाला. मग 'दुखवडा' का नाही?

पाणिनीचा_शेजारी
कारण इथे जोड 'ट्ट' आहे. एकटा 'ट' मऊ होतो, जोडाक्षरातला टिकतो.

लोकल_८_१२
तुम्ही सगळे कुठल्या काळात आहात? दुखवटा म्हणजे सरकार जाहीर करतं तो, झेंडा अर्ध्यावर. लता मंगेशकर गेल्या (६ फेब्रुवारी २०२२) तेव्हा दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, हाच अर्थ सांगतील. कपडे आणि पिठलं हे स्थानिक प्रकार झाले.

शेवग्याची_शेंग
हो, पण सरकारने पिठलं कधी दिलं नाही. माझा प्रश्न मथळ्याचा आहे हो.

घाणा_पहिला
व्युत्पत्तीतलं मला कळत नाही. पण विषय निघालाच आहे तर लिहितो. आमच्याकडे (नाशिक) माणूस गेलं की त्या वर्षी घरात सण नाही. दिवाळीला कढई चढत नाही, फराळ शेजारपाजारचे आणि नातेवाईक देतात. आई गेली त्या वर्षी आमच्या ओट्यावर सात घरच्या चकल्या होत्या. आपण एरवी म्हणतो ना, चकली ती चकली? तसं नाही. एकीत ओवा, एकीत तीळ, एक लाल, एक नुसतीच तांदळाची. सगळ्या चांगल्या होत्या, आणि बाबा प्रत्येक डब्यातली एक तुकडा मोडून बघायचे आणि ठेवून द्यायचे. काय शोधताहेत ते सगळ्यांना कळत होतं.

पुढच्या वर्षी मी भाजणी करायची ठरवलं. आईने काही लिहून ठेवलेलं नव्हतं. मावशीला फोन लावला. तांदळाच्या निम्मी हरभऱ्याची डाळ, तिच्या निम्मी उडदाची, इथपर्यंत ठीक. पुढे धणे किती? 'वास येतील इतके.' किती भाजायचं? 'रंगाकडे बघू नकोस, रंगाची वाट पाहिलीस तर डाळ करपते. नाकाने भाज.' मी चाळिशीचा माणूस, कढईवर नाक धरून उभा! पण उडदाच्या डाळीचा एक वास असतो, कच्चेपणा जाऊन खमंग व्हायच्या जरासा अलीकडचा. तो आला आणि मला आईचं आमसुली रंगाचं गाऊन आठवलं, जे मी तिचे कपडे आवरतानासुद्धा आठवलं नव्हतं. बाबा आतल्या खोलीतून उठून आले आणि म्हणाले, 'आता उतरव.' त्यांनी जन्मात चहा केला नव्हता.

त्या सात डब्यांना आम्ही 'दुखवटा' म्हणत नव्हतो. 'बाहेरचा फराळ' म्हणत होतो.

गठुडं
दादा, छान लिहिलंत. चकलीत ओवा आमच्याकडेही असतो.

कोकणी_फणस
चकली राहू द्या, पिठल्याकडे या. डाळीचं पीठ? दुःखाच्या घरी? वातूळ! आमच्याकडे कुळथाची पिठी, आमसूल घालून, मऊ भातावर. पचायला हलकी, आणि कुळीथ घरात असतोच. अवचित करायचं म्हणजे घरात असेल त्याचंच. पिठल्याचं तेच कारण आहे, भाजी चिरत बसायला वेळ नसतो.

शेवग्याची_शेंग
'लसूण विचारून' त्यासाठीच असावं. सुतकात काही घरी लसूण-कांदा चालत नाही, काही घरी फोडणीच नाही. आई आधी कुणाला तरी पाठवून विचारायची, मग चूल पेटवायची.

शुद्धमती
एवढं सगळं वाचूनही माझा मुद्दा कायम आहे. कोशातला अर्थ आणि एका घरातली बोली यांत फरक करा. उद्या कुणी म्हणेल आमच्याकडे 'दुखवटा' म्हणजे लोणचं.

उंबरठा
दाते-कर्वे यांच्या शब्दकोशाचे खंड १९३२ ते १९३८ मध्ये निघाले. तेव्हा वाईच्या स्वयंपाकघरात कुणी विचारायला गेलं होतं का?

पाणिनीचा_शेजारी
त्यांच्यावर अन्याय नको. त्या कोशात गोव्यापासून वऱ्हाडापर्यंतचे प्रांतिक शब्द खुणेसकट दिलेत. पण मला वाटतं इथे भांडणच नाही. वस्तू नेली की तिला प्रसंगाचं नाव चिकटतं. हळदी-कुंकवाला जे 'वाण' देतात ते कधी कंगवा असतो, कधी गूळ. तसाच दुखवटा: नेणाऱ्याने टोपी नेली तर टोपी, पिठलं नेलं तर पिठलं.

गठुडं
मग 'दुःखपट्ट' गेलं की तुमचं! पट्ट म्हणजे वस्त्र म्हणालात मघाशी.

पाणिनीचा_शेजारी
गेलं नाही. आधी वस्त्र, मग अर्थ पसरला.

गठुडं
कशावरून? आधी भूक लागते की टोपी?

लोकल_८_१२
शेंगताई, इंग्रजीत 'दुखवटा पिठलं' असंच ठेवा आणि खाली दोन ओळींत समजावून सांगा. सुशी चालते, दुखवटा का नाही?

शेवग्याची_शेंग
बहुतेक तसंच करेन. पण भाचीचा आता दुसराच प्रश्न आलाय. पातेलं रिकामं का आणायचं? एरवी आपण कुणाचं भांडं रिकामं परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतो. मला वाटतं ते यासाठी की त्या घरावर परत काही भरून द्यायचा भार नको. आईला विचारायचं राहून गेलं.

कोकणी_फणस
आमच्याकडे वेगळं सांगतात. त्या घरातलं काही आपल्या घरी आणायचं नाही म्हणून रिकामं. आणि घासायचंही आपल्याच घरी, बाहेरच्या मोरीवर.

शेवग्याची_शेंग
आई तिथेच घासून आणायची. त्यांचीही भांडी घासायची.

घाणा_पहिला
ते सगळं ठीक. मापटं म्हणजे किती वाट्या ते आधी लिहा, न्यू जर्सीत मापटं कुठून आणणार?

गठुडं
पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी.

घाणा_पहिला
वाट्या विचारल्या हो.

गठुडं
कुठला शेर त्यावर आहे. वाईचा की बार्शीचा?