प्रतिसाद: कागद बाहेर नेलेच नाहीत तर?

वर कोणीतरी म्हटलंय की गुप्तचर कार्यालयाच्या दाराशी झडती कडक ठेवली आणि कर्मचाऱ्यांच्या बँक खात्यांवर नजर ठेवली की फितुरी थांबेल. ॲना मोंटेसचं प्रकरण बघा, तिथे दोन्ही उपाय फुकट गेले असते. ही बाई अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर संस्थेत, म्हणजे डीआयएमध्ये, १९८५ पासून विश्लेषक. पुढे क्युबा हाच तिचा विषय. आणि हेर कोणाची, तर क्युबाचीच! ती कार्यालयातून सहसा कागद नेतच नसे. दिवसभर वाचायचं, पाठ करायचं, घरी येऊन लॅपटॉपवर उतरवायचं. हवानाचे, म्हणजे क्युबाच्या राजधानीतून, आदेश शॉर्टवेव्ह रेडिओवरून नुसत्या सांकेतिक आकड्यांत यायचे. पैसे म्हणाल तर किरकोळ खर्चापुरतेच. हेरगिरीचं कारण वेगळंच: लॅटिन अमेरिकेबाबतचं अमेरिकी धोरण तिला पटत नव्हतं. १९९४ मध्ये पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडणारी चाचणीही पार केली. कहर म्हणजे सख्खे भाऊ-बहीण एफबीआयमध्ये, म्हणजे हेर पकडणाऱ्या अमेरिकी तपास संस्थेतच!

१९९६ मध्ये एका सहकाऱ्याला संशय आला, चौकशी झाली, पण पुढे काहीच नाही. अटक झाली २१ सप्टेंबर २००१ ला. तीही घाईने, कारण अफगाणिस्तानच्या युद्धयोजना तिच्या हाती पडायची वेळ आली होती. शिक्षा २५ वर्षं, सुटका जानेवारी २०२३ मध्ये.