सुशीचा भात आधी बघा

कोल्हापुरात सुशी खायला राजारामपुरीतलं हॉटेल भारी की ताराबाई पार्कातलं, यावरून वरच्या कमेंट्समध्ये चांगलीच जुंपलीय. पण सगळे माशावरच बोलताय, भाताचं कोण बोलणार? सुशी हा जपानी पदार्थ म्हणजे मुळात तांदळाचा व्हिनेगर, साखर, मीठ लावलेला आखूड, चिकट दाण्याचा भात. तो अंगाइतका कोमट हवा. मागच्या महिन्यात एका ठिकाणी (नाव घेत नाही) फ्रीजमधला आला, दाणा पार खडखडीत. वर रोलभोवती गुंडाळलेली नोरी (वाळवलेल्या शेवाळाची पट्टी) अशी चिवट, की दातांनी ओढली तर आतली काकडी ताटात आणि शेवाळाची पट्टी तोंडात लोंबतेय! शेजारच्या टेबलावरची पोरं बघत होती, काय सांगू.

आणि भावांनो, 'मासा रत्नागिरीहून ताजा येतो' यावर भाळू नका. कच्चा खायचा मासा आधी उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवतात, त्यानं त्यातले परजीवी मरतात. तेव्हा 'ताजा' म्हटल्यावर मी उलट आधी तेच विचारतो.

माझं मत राजारामपुरीला. तिथं रोल मागितल्यावर वळतात, नोरी कुरकुरीत लागते. वासाबी (सोबत येणारा तो हिरवा, झणझणीत गोळा) मात्र दोन्हीकडे हिरवा रंग दिलेला हॉर्सरॅडिशच (एक तिखट मूळ) असणार, त्यावरून भांडू नका. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला तसाही तो काय झोंबणार?