यंदाचे सिनेमे, परवाची मैफल आणि एक कानडी चिठ्ठी

शहापूरची_लेक

आधीच सांगते, मी समीक्षक वगैरे नाही. गाण्याची वेडी आहे, एवढंच. २०१५ साली 'कट्यार काळजात घुसली' चार वेळा पाहिला. चौथ्यांदा निव्वळ गाण्यांसाठी. संवाद सुरू झाले की बाहेर जाऊन मिरची भजी खाऊन यायचे. त्यामुळे २०२५ च्या १० जानेवारीला 'संगीत मानापमान' लागला तसं पहिल्याच दिवसाचं तिकीट काढलं. दिग्दर्शक तेच सुबोध भावे, संगीत परत शंकर-एहसान-लॉय. बाहेर पडल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "कुठलं गाणं आवडलं गं?" आमच्या बेळगावची रामदेव गल्ली येईपर्यंत मला एक ओळ धड आठवेना. सिनेमा देखणा आहे हो, त्याला नावं ठेवत नाही. पण प्रत्येक गाण्यामागं इतकं काही वाजत राहतं की गाणाऱ्यानं श्वास कुठं घेतला तेच कळत नाही.

सप्टेंबरात 'दशावतार' पाहिला, चांगला वाटला. ऑक्टोबरात पोरांनी ओढून 'कांतारा चॅप्टर वन'ला नेलं. माझी कानडी भाजीबाजारापुरती. तरी शेवटाकडं वाद्यं अशी आली की खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. घरी येताना एकच डोक्यात, आपल्या सिनेमात असं का होत नाही?

परवा रविवारी आमच्या भागातल्या एका मंगल कार्यालयात नाट्यगीतांची मैफल होती. तिकीट दीडशे. लग्नातल्याच खुर्च्या, पांढरे कव्हर घातलेल्या. गायिका पुण्याच्या, तबला-पेटी इथलेच. पेटीवाले काका ऑर्गन घेऊन आले होते, आमची आजी त्याला पायपेटी म्हणायची. मी दुसऱ्या रांगेत, कडेला. काकांचा उजवा मोजा अंगठ्यापाशी फाटलेला आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तो अंगठा वर व्हायचा. मला मग त्या अंगठ्यावरूनच सम कळायला लागली.

पहिली दोन पदं वाया गेली, कारण साऊंडवाल्यानं इको इतका लावलेला की बाई विहिरीत उतरून गाताहेत असं वाटत होतं. बाई तीनदा म्हणाल्या, "इको कमी करा." पोरगा मोबाइलात. शेवटी पेटीवाले काका मान न वळवता म्हणाले, "एको कम्मी माडपा." लगेच कमी झाला. त्यानंतर 'नाही मी बोलत नाथा' झालं. अकरा मिनिटं. 'नाही' हा एक शब्द बाईंनी किती तऱ्हांनी म्हटला. रुसून, हसू दाबून, मग खरंच दुखावल्यासारखा. मानापमानातलंच पद. जानेवारीत कोट्यवधींच्या सेटवर जे मला भेटलं नव्हतं ते दीडशे रुपयांत भेटलं.

मध्यंतरानंतर फर्माइशीच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. एक चिठ्ठी बाईंनी उलटसुलट करून पाहिली आणि काकांकडं दिली. कानडी अक्षरं होती. काकांनी वाचलं, 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा'. बाई म्हणाल्या, मला एकच कडवं येतं, भीमसेनजींचं ऐकून ऐकून. गायल्या. पुढचं कडवं मागच्या रांगांतल्या बायकांनी उचललं. तीनचार जण मात्र उठून गेले, खुर्च्या वाजवत.

माझं म्हणणं असं की आपले सिनेमावाले गाण्याला घाबरतात. लोक कंटाळतील म्हणून मागं ताफा उभा करतात. आणि दुसरं, ती पाच मिनिटं अख्ख्या मैफलीतली सगळ्यात चांगली होती. बोला आता.

टिळकवाडी_बाल्कनी

ताई, पहिल्या मुद्द्यावर साफ असहमत. वय बहात्तर, रिझ थिएटर सिनेमाचं होतं तेव्हापासून तिथं जातोय, आता त्याचं लोकमान्य रंगमंदिर झालं तरी पाय तिकडंच वळतात. तेव्हा जुन्याचा मला तिटकारा आहे असं समजू नका.

मैफलीतल्या एका पदाची तुलना तुम्ही अख्ख्या सिनेमाशी करताय. सिनेमात गोष्ट पुढं न्यायची असते. मूळ नाटक १२ मार्च १९११ ला मुंबईत रंगभूमीवर आलं. तेव्हाचे प्रयोग वन्समोअर घेत घेत रात्रभर चालायचे. आज तसा सिनेमा काढला तर तुमच्या जाऊबाईसुद्धा मध्यंतरात घरी जातील. आणि भपका म्हणाल तर ८ जुलै १९२१ चं 'संयुक्त मानापमान' काय होतं? बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी. लोक काय धैर्यधर-भामिनीची गोष्ट ऐकायला गेले होते? ताऱ्यांना बघायला गेले होते.

चालींचंही तसंच. गोविंदराव टेंब्यांनी त्या वेळी पूरब अंगाच्या, म्हणजे बनारस-लखनौकडच्या, ठुमऱ्यांचे ढंग नाटकात आणले. ते चालतं, आणि आज कोणी गिटार आणली की विटाळ? माझ्या नातवानं मानापमानातलं 'युवती मना' पहिल्यांदा ऐकलं ते सिनेमाच्या निमित्तानं. त्याच आठवड्यात दीनानाथांचं जुनं ध्वनिमुद्रण शोधून मला ऐकवायला आला. हे तुमच्या मंगल कार्यालयानं झालं नसतं.

शहापूरची_लेक

काका, नातवाचं ऐकून बरं वाटलं, खरंच. पण गिटारीचा विटाळ मी कुठं म्हटला? कट्यारमध्येही गिटारवालेच होते की, आणि तिथं मी चार वेळा पैसे घातले. तिथं गाणं हीच गोष्ट होती, दोन घराण्यांचं भांडण. इथं गाणं आलं की गोष्ट थांबते आणि नाच सुरू होतो. माझी तक्रार त्या थांबण्याबद्दल आहे.

खानापूरचा_खुळा

ताई एक प्रश्न. मैफलीत माझ्या वयाचे किती होते? मी तेवीस.

शहापूरची_लेक

सात. मोजले होते. त्यातला एक साऊंडवाला.

खानापूरचा_खुळा

बघा! मग कुठला सिनेमा गाण्याला घाबरतो नि काय. सिनेमा गेला नाही तर तुमची मैफल पुढच्या दहा वर्षांत बंदच पडणार की. आमच्या वर्गात 'सैराट'ची गाणी मराठी पोरं, कानडी पोरं सगळीच म्हणायची. २०१७ ला त्याचा कानडीत 'मनसु मल्लिगे' झाला तेव्हा कानडी दोस्तच म्हणाले, गाणी मूळचीच भारी गा.

कांताराचं म्हणाल तर मला वेगळंच कारण वाटतंय. त्यातला काळ कदंब राजांचा. कदंबांची पलाशिका म्हणजे आमची हलशी, खानापूर तालुका, घरापासून गाडीवर जाण्यासारखी. तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ लहानपणापासून बघतोय. पहिल्या कांतारात वराहाचं गाणं लागलं तेव्हा मी थेटरात शेजारच्याला कोपर मारून सांगितलं, हा देव आमच्याकडं हाय. मग अंगावर काटा येणारच. मराठीत आमच्या या पट्ट्यावर कोण सिनेमा काढतंय? पुणं नाहीतर मुंबई, फार तर कोकण.

अजून एक. मराठी सिनेमाला इथं खेळ कुठला मिळतो, सकाळी साडेनऊचा. कॉलेज बुडवायचं का? तिकिटाला २०० रुपयांची मर्यादा सप्टेंबरात कर्नाटक सरकारनं आणली म्हणून आम्ही खूश, तर त्याच महिन्यात उच्च न्यायालयाची स्थगिती. आला कांतारा, गेले पैसे.

निपाणी_जंक्शन

(निपाणीला रेल्वेच नाही हे मला ठाऊक आहे, दर वेळी सांगू नका.)

ताईंनी 'दशावतार' चार शब्दांत उरकला. हा अन्याय आहे. मी तो कोल्हापूरला जाऊन पाहिला. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की मराठी सिनेमाला दिवसाला चार-पाच खेळ. दिलीप प्रभावळकर, वय ८१. डोळ्यांनी अंधुक दिसणारा दशावतारी नट आणि अंगावर रंग चढला की त्याच देहात उभा राहणारा देव. मेकअप करताना आरशात न बघता बोटांनी चेहरा चाचपतो, तेवढ्यात मला माझे आजोबा दिसले. मोतीबिंदू झाल्यावर तंबाखूची पानं ते अशीच बोटांनी पारखायचे.

तेव्हा ताई, आपल्या सिनेमात असं का होत नाही या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही सप्टेंबरातच बघून आलात आणि 'चांगला वाटला' म्हणून पुढं गेलात. दशावतारात पखवाज-झांजच तर आहे. कांताराला आवाज मोठा, एवढाच फरक.

टिळकवाडी_बाल्कनी

निपाणीकर, शाबास. हेच मला म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

अनगोळ_नाका

सिनेमाचं राहू द्या. उठून गेलेल्या तीनचार जणांत मी होतो. खुर्ची वाजवली नाही, ती आधीच मोडकी होती.

मला त्या गाण्याचा राग नाही. भीमसेन जोशींचं ते पद आमच्या घरी शुक्रवारी लागतं. पण तिकिटावर छापलंय काय? नाट्यगीतं. इथं मराठी कार्यक्रम करायचा म्हणजे काय काय करावं लागतं ते आयोजकांना विचारा. फलकावर साठ टक्के कानडी कायद्यानं लिहायचीच आहे, लिहितो. कचेरीत मराठी कागद मिळत नाही, गप्प बसतो. वर्षातून दोन-तीन संध्याकाळी आपल्या भाषेतलं गाणं ऐकायला मिळतं. तिथंही थोडं त्यांचं होऊ द्या? कानडी कार्यक्रमात एखादं नाट्यगीत म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. उदार व्हायचं ते दर वेळी आम्हीच का?

शहापूरची_लेक

दादा, तुमचं दुखणं मला कळत नाही असं नाही, मीही इथलीच. पण त्यांचं नि आपलं असं गाण्यात कुठून कापायचं? संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले गुर्लहोसूरला, आपल्याच जिल्ह्यात. केशवराव भोसल्यांची 'ललितकलादर्श' नाटक मंडळी निघाली १९०८ मध्ये हुबळीत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत पहिलं नाटक केलं ते कर्नाटकातल्या कर्कीहून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ बघून. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ कुमार गंधर्व झाला तेव्हा आपण त्याला नको म्हटलं का? आणि त्याच संध्याकाळी शेवटी 'कानडा वो विठ्ठलु' झालं, ते ऐकायला तुम्ही नव्हता. ज्ञानदेवांनीच कानडा म्हणून ठेवलंय, आता काय करता?

अनगोळ_नाका

ताई, इतिहास मलाही पाठ आहे. ज्ञानदेवांच्या वेळी तिकीट नव्हतं आणि सीमाही नव्हती. माझा प्रश्न २०२५ चा आहे.

टिळकवाडी_बाल्कनी

या मुद्द्यावर मी अनगोळकरांच्या बाजूनं. अर्धाच. जाहीर केलेला कार्यक्रम पाळावा, मैफलीची शिस्त म्हणून. कानडीऐवजी कोणी सिनेमाचं गाणं मागितलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं.

वडगाव_मागवाला

नमस्कार. वाचतो रोज, लिहितो कमी. मराठीत चुकलं तर समजून घ्या, घरात कानडी, बाजारात मराठी.

ती चिठ्ठी माझ्या अव्वाची. वय एकाहत्तर, माहेर गोकाककडचं, लग्न होऊन वडगावला आली ती मागावरच बसली. मागाशेजारच्या खिडकीत रेडिओ असायचा. सकाळी धारवाड केंद्र, दुपारी सांगली. नाट्यगीतं तिला त्या सांगलीमुळं पाठ. ऐकून पाठ, मराठी लिहिता येत नाही. म्हणून चिठ्ठी कानडीत.

आता खरी गोष्ट. चिठ्ठीवर दोन ओळी होत्या. वरची 'युवती मना दारुण रण', कानडी अक्षरांत. खालची 'भाग्यदा लक्ष्मी', ते वरचं येत नसलं तर म्हणून. पेटीवाल्यांनी खालचीच का वाचली माहीत नाही. घाईत असतील, किंवा कानडी अक्षरं म्हणजे कानडीच पद असं वाटलं असेल. अव्वा रिक्षात बसेपर्यंत कुरकुरत होती. 'युवती मना' राहिलं म्हणून.

शहापूरची_लेक

अय्यो! आणि मी इथं इतकं मोठं लिहून बसले. अव्वांना माझा नमस्कार सांगा. मागच्या रांगेत दुसरं कडवं उचललं त्यात त्या होत्या का?

वडगाव_मागवाला

पहिली तीच. बाकीच्या मागनं आल्या.

अनगोळ_नाका

अव्वांचा मान राखून सांगतो. म्हणजे नाट्यगीत मागितलेलं असताना नाट्यगीत राहिलं, आणि दुसरंच झालं. माझा आक्षेप कायम आहे, उलट पक्का झाला. फक्त आता तो पेटीवाल्यांवर आहे.

टिळकवाडी_बाल्कनी

'युवती मना' धैर्यधराचं पद. बायकांच्या गळ्यातून वेगळं लागतं, स्वर चढवून घ्यावा लागतो. बाईंनी टाळलंही असेल. पेटीवाले मुरलेले असतात, गायकाचा गळा बघून चिठ्ठी वाचतात.

खानापूरचा_खुळा

काका, म्हणजे पेटीवाल्यांनी मुद्दाम केलं म्हणता? फाटका मोजा नि एवढं डोकं!

वडगाव_मागवाला

अव्वाला वाचून दाखवलं. म्हणते, पुढच्या वेळी नातीकडून मराठीत लिहून आणीन, मग बघते कोण काय वाचतंय.

निपाणी_जंक्शन

ताई, 'दशावतार'चं उत्तर अजून आलं नाही.